बुऱ्हाणपूरचा पडका राजवाडा

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी भडगाव येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आम्ही आपणांपुढे एका पडक्या वाड्याविषयी बोलण्यास उभे आहोत, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. महोत्सव म्हटला की जे उभारले गेले त्याची कथा सांगावयाची. देवळाचा पाया कधी घातला, घंटा कोणी दिली, पहिली मिस्सा कोणत्या झाडाखाली झाली, ह्यांची आठवण काढावयाची. पडझडीची गोष्ट सांगण्याचा हा प्रसंग नव्हे, असे आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस बजावलेही. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, आमचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मग प्रसंग होता की नव्हता ते ठरवावे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. महोत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा देवळाच्या आवारापुढे एक दगडी कमान उभारावी, तीवर संगमरवरी पाटी बसवून देणगीदारांची नावे कोरावी, असा ठराव समितीपुढे आला. तो मांडणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. कमान रस्त्यावरून दिसेल, येणारे-जाणारे विचारतील, आपल्या मागे आपले नाव राहील, असे आम्हांस मनापासून वाटत होते. नावाची हौस वाईट हेतूनेच असते असे नाही. परंतु ती हौस होती हे खरे.

ठराव संमत होण्याच्या बेतात असतानाच नाताळानंतरच्या आठवड्यात धर्मग्रामातील आम्ही तीस-पस्तीस मंडळी बुऱ्हाणपूर पाहावयास गेलो. पहाटे भडगावाहून निघून पाचोऱ्यास आगगाडी धरली. भुसावळास गाडी बदलून खांडव्याच्या फाट्याने सावदा, निंभोरा, रावेर ही केळीच्या बागांची ठाणी मागे टाकली. निघताना यादी वाचली, तेव्हा सात घरांतून कोणीच आले नव्हते. कारण विचारण्याची गरज नव्हती. दिवाळीनंतर ती कुटुंबे ऊसतोडीस गेली होती; ती आता आखाजीच्या सुमारास परतावयाची. त्यांपैकी एका घरची वृद्ध माउली मात्र आपल्या दोन नातवंडांस हाती धरून आली होती. मुलगा आणि सून कारखान्याच्या थळात होती. मुले आजीच्या पदरात होती.

रावेरच्या पुढे मध्य प्रदेशाची हद्द लागते. परंतु ती हद्द आजची आहे. बुऱ्हाणपूर हे आपल्याच खानदेशाचे जुने राजधानीचे शहर. फारुकी सुलतानांनी प्रथम धुळे जिल्ह्यातील थाळनेरास बस्तान बसविले आणि पुढे इसवी सन १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले. संत बुऱ्हाणुद्दीन ह्यांचे नाव त्यास दिले. ज्या तापीत आपली गिरणा खाली जाऊन मिळते, तीच तापी ह्या राजवाड्याच्या पायाशी वाहते. तेव्हा आम्ही परमुलखात गेलो नव्हतो. आपल्याच घराण्याच्या जुन्या वाड्यात गेलो होतो, असे म्हटले तरी चालेल.

राजवाडा नदीच्या उंच काठावर आहे. घाटावरून वर पाहिले म्हणजे भिंती सरळ पात्रातूनच उठल्या आहेत असा भास होतो. आत शिरल्यावर मात्र भास मावळतो. मजल्यांवर मजले चढविले होते, त्यांतील कित्येक आता उघड्या आकाशाखाली आहेत. जेथे दरबार भरे तेथे गवत आहे. कमानी आहेत, पण त्यांवर छत नाही. जिने आहेत, पण ते कोठेच पोचत नाहीत. हमामखाना तेवढा बराच शाबूत आहे. मध्यभागी हौद, सभोवार कोनाडे, वर छतास रंगीत नक्षीचे अवशेष. त्या नक्षीकडे पाहत आम्ही बराच वेळ मान वर करून उभे होतो. मुलांस हमाम म्हणजे काय ते समजावून सांगितले, तेव्हा एवढ्या मोठ्या दालनात केवळ अंघोळ करीत, हे त्यांस पटेना.

तेवढ्यात ती माउली एका पायरीवर टेकली, सभोवार पाहिले, आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "इतला मोठा वाडा बांधा, आनी राहाले कोनीच नही!" मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु त्या दिवशी वाटाड्याने जे जे सांगितले त्याहून हे एकच वाक्य आमच्या मनात अधिक खोल रुतून बसले.

आमच्या धर्मबांधवांपैकी ज्यांस रोमची यात्रा घडते, ते संत पेत्राच्या महामंदिरातून बाहेर पडल्यावर बहुधा पॅलेटाइन टेकडीवर जातात. कैसरांचे वाडे त्या टेकडीवर होते, आणि युरोपातील अनेक भाषांत राजवाड्यास जो शब्द आहे तो ह्या टेकडीच्याच नावावरून आलेला आहे. तेथेही आज गवत, तुटके खांब आणि न पोचणारे जिने. इसवी सन ६४ च्या आगीनंतर नीरो बादशहाने त्याच परिसरात आपला सुवर्णमहाल उभारला; पुढे थोड्याच काळात त्याची दालने मातीने भरून त्यांवर दुसऱ्या बादशहाने लोकांसाठी स्नानगृहे बांधली. नीरोच्याच छळात संत पेत्र व संत पौल ह्यांनी रक्तसाक्ष दिली. आज यात्रेकरू कोळ्याच्या कबरीपाशी गुडघे टेकतात आणि बादशहाचा महाल जमिनीखाली शोधावा लागतो.

ह्याहून विलक्षण गोष्ट क्रोएशिया देशातील स्प्लिट शहराची. ख्रिस्ती लोकांचा घोर छळ ज्याच्या हुकमाने ३०३ साली सुरू झाला, त्या डायोक्लिशन बादशहाने ३०५ साली राज्यत्याग करून समुद्रकाठी बांधलेल्या आपल्या विशाल राजवाड्यात अखेरचे दिवस काढले. त्याने स्वतःच्या देहासाठी एक घुमटाकार कबर तेथेच बांधविली होती. आज ती कबर म्हणजे तेथील ख्रिस्तसभेचे प्रमुख मंदिर आहे. त्या छळात ३०४ साली ज्यांचा वध झाला, त्या संत डोम्नियस धर्माध्यक्षांच्या अस्थींचा तेथे सन्मान होतो. बादशहाचे शव मात्र कोठे गेले कोणास ठाऊक नाही.

बंधुभगिनींनो, वैऱ्याचा पाडाव झाला अशी फुशारकी मारण्याकरिता आम्ही हे सांगत नाही. बुऱ्हाणपुरात राहून गेलेले बादशहा नीरो नव्हते. अकबराने तर येशुसंघाच्या धर्मगुरूंस आपण होऊन दरबारी बोलावून घेतले होते. शिवाय, दगड केवळ दुसऱ्यांचेच पडतात असेही नाही. वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहा. संत जोसेफचे मंदिर, फ्रान्सिस्कनांचे, डोमिनिकनांचे, येशुसंघाचे मंदिर, बहुतेकांची छपरे गेली, भिंतींवर झाडे उगवली. तरीही १७३९ साली किल्ला पडल्यानंतर वसईचा ख्रिस्ती समाज पडला नाही. तो आजतागायत त्याच मातीत शेती करतो, प्रार्थना करतो. मंदिर पडले आणि मंडळी राहिली. ह्याच्या उलट बुऱ्हाणपुरात वाडा अर्धामुर्धा राहिला, आणि राहणारे कोणीच नाही. ह्या दोहोंतील भेद काय, हाच आमचा आजचा प्रश्न आहे.

राजवाड्याच्या गच्चीवरून तापीपलीकडे जैनाबाद दिसते. मुमताज बेगम आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देताना १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरातच वारली आणि तिचा देह प्रथम त्या पलीकडच्या बागेत ठेवला गेला. डिसेंबरात तो आग्र्यास नेला. जगास ताजमहाल ठाऊक आहे. परंतु ज्या ठिकाणी ती बाई प्रसूतीच्या वेदनांनी गेली ते आपल्या खानदेशात आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक होते? अकबराचा पुत्र दानियाल येथेच मद्याच्या व्यसनाने वारला. जहांगिराचा पुत्र परवीझ १६२६ साली येथेच वारला. ऐश्वर्याच्या ह्या भिंतींनी मरणास एक दिवसही दाराबाहेर उभे केले नाही.

मुमताज वारली ती वर्षे दुष्काळाची होती. १६३० पासून गुजरात, दख्खन व खानदेश ह्यांत पाऊस गेला आणि माणसे रस्त्यांवर मरून पडली. सुरतेहून खानदेशमार्गे आग्र्यास गेलेल्या पीटर मंडी नामक इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही. शाहजहानने बुऱ्हाणपुरात लंगर घातले आणि वीस सोमवार, दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांस वाटविले, अशी नोंद आहे. मोठ्या वाड्यात राहून का होईना, पण दारापुढची भूक त्यास दिसली. त्याबद्दल त्याचे स्मरण करणे योग्य होय.

आता ज्या कथेसाठी आम्ही हे सारे सांगत आलो ती सांगतो. इसवी सन १६०० हे रोममध्ये पवित्र ज्युबिली वर्ष म्हणून पाळले जात होते. परमगुरुस्वामी आठवे क्लेमंट ह्यांच्या काळी लाखो यात्रेकरू रोमच्या वाटेवर होते. त्याच वर्षी आपल्या खानदेशात अकबर बादशहा शेवटच्या फारुकी सुलतानाच्या असीरगडास वेढा घालून बसला होता. असीरगड बुऱ्हाणपुराच्या उत्तरेस थोड्याच कोसांवर आहे. बादशहाच्या छावणीत येशुसंघाचे दोघेजण होते. एक फादर जेरोम झेवियर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच घराण्यातील, नात्याने त्यांच्या नातवाच्या पिढीचे. दुसरे ब्रदर बेंतो द गोइश. हे पूर्वी शिपाईगिरी केलेले, पुढे साधे धर्मबंधू झालेले गृहस्थ.

गड काही केल्या पडेना. तेव्हा अकबराने झेवियरांस सांगितले की, चौलच्या पोर्तुगीजांस पत्र लिहून तोफा व दारूगोळा मागवावा. येशुसंघाच्या जुन्या वृत्तांतात असे लिहिले आहे की, झेवियरांनी नकार दिला. फारुकी सुलतान पोर्तुगिजांचा मित्र होता. ज्याच्याशी सख्य आहे त्याच्या नाशासाठी पत्र लिहिणे आपल्या धर्मास संमत नाही, असे त्यांनी बादशहास तोंडावर सांगितले. बादशहा भयंकर रागावला. त्या दोघांस त्याच्यासमोरून निघून जावे लागले. विचार करा, हिंदुस्थानच्या स्वामीच्या छावणीत, आपल्या माणसांपासून शेकडो कोस दूर, एक परका संन्यासी नाही म्हणतो! कालांतराने अकबराचा राग निवळला, आणि ते पुन्हा त्याच्या भेटीस जाऊ लागले.

१७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. रोमचे पवित्र वर्ष नुकतेच संपले होते. गडावर सुलतानाच्या चाकरीत असलेले काही पोर्तुगीज होते. ते कैदी झाले. झेवियरांनी त्यांच्यासाठी बादशहाकडे शब्द टाकला, आणि ज्याने काही महिन्यांपूर्वी संतापून त्यांस दूर केले होते त्यानेच ते कैदी त्यांच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी ब्रदर गोइश बादशहाच्या वकिलातीबरोबर गोव्यास निघाले, तेव्हा सुटका झालेल्यांपैकी काही मंडळी त्यांच्याबरोबर होती. हेच गोइश पुढे आग्र्याहून निघून हिमपर्वतांपलीकडच्या वाटेने चीन देशाच्या सरहद्दीपर्यंत गेले आणि १६०७ साली तेथेच देवाघरी गेले.

आता योबेल म्हणजे काय ते आठवा. लेवीयाच्या ग्रंथात परमेश्वराने आपल्या लोकांस आज्ञा दिली की, पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे, दास्यात पडलेल्यांस मोकळे करावे, ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत द्यावी. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात आपल्या कार्याचा आरंभ केला, तो बंदिवानांच्या सुटकेची घोषणा करूनच. महोत्सवाचे मूळ हे आहे. कमान, रोषणाई आणि मेजवानी ही त्यावरची फुले होत. फुले असावीत, पण मूळ सोडून नव्हे. ह्या दृष्टीने पाहिले असता आपल्या खानदेशात त्या ज्युबिलीचे खरे पालन कोठे झाले? राजवाड्यात नव्हे, ज्या तंबूत एक धर्मगुरू कैद्यांसाठी शब्द टाकण्यास उभा राहिला, तेथे झाले. त्या तंबूची एक खुंटीही आज उरलेली नाही. परंतु जी माणसे मोकळी झाली, ती मोकळीच झाली. ते कार्य कोणत्याही पुराने वाहून नेले नाही.

पूर म्हटला की आपल्या भडगावकरांस वेगळे सांगावयास नको. सप्टेंबर १८७२ च्या पुरात गिरणेने भडगावातील शेकडो घरे एका रात्रीत नेली. दगडमातीचा भरवसा किती धरावा, हे नदीकाठच्या माणसास नदीच शिकविते.

सायंकाळी परतण्यापूर्वी आम्ही शहराबाहेर कुंडी भंडारा पाहावयास गेलो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना बुऱ्हाणपुरास सुभेदार असताना हे काम झाले. हिंदी दोहे रचणारे रहीम ते हेच. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते भुयारांत गोळा करून, ना मोट ना चाक, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले आहे. भुयारावर ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडे ठेविली आहेत. त्यांसच कुंड्या म्हणतात, आणि त्या शंभराच्या आसपास आहेत. त्यांतून भुयारात हवा खेळते व गाळ काढता येतो. चारशे वर्षे झाली. राजवाड्याचे मजले पडले, तख्त गेले, आणि हे पाणी अजून वाहते आहे. रोममध्येही तसेच आहे. कैसरांचे महाल मोडले, परंतु ख्रिस्तपूर्व १९ साली आग्रिप्पाने शहरात आणलेल्या पाण्याचा मार्ग पुढे परमगुरूंनी दुरुस्त करविला, आणि त्याचे पाणी आजही तेथील प्रसिद्ध कारंजात पडते.

वरती जे डौलाने उभारले ते पडले. आणि खाली, कोणास न दिसता, तहानेल्यासाठी जे खणले ते राहिले. राजवाडा व वसई ह्यांतील भेदाचे उत्तर आम्हांस त्या कुंडीच्या काठावर मिळाले. जे राहणाऱ्यांच्या मोठेपणासाठी बांधले जाते ते राहणाऱ्यांबरोबर जाते. जे दुसऱ्याच्या गरजेसाठी केले जाते त्यास धनी बदलला तरी मरण नाही. वसईची मंडळी राहिली, कारण देवळाच्या भिंती पडण्यापूर्वीच प्रार्थना व परस्परांची काळजी घराघरांत पोचली होती.

परतीच्या गाडीत आम्ही त्या माउलीशेजारी बसलो होतो. मुले तिच्या मांडीवर झोपली होती. मुलगा-सून परत कधी येणार, असे विचारले. उचल फिटली म्हणजे येतील, असे ती म्हणाली. आपणांपैकी बहुतेकांस हा शब्द परिचित आहे. हंगामापूर्वी मुकादम पैसे देतो, ती उचल; ती घेतलेले जोडपे म्हणजे एक कोयता. माणसांची गणती कोयत्यांत होते. काम करूनही उचल पुरी फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि तो कोयता पुन्हा त्याच मुकादमाच्या गाडीत चढतो. मुले बरोबर नेली तर शाळा सुटते. मागे ठेविली तर आईबाप सुटतात. आम्ही असीरगडच्या कैद्यांची कथा ऐकून सद्गदित झालो होतो, आणि आमच्याच यादीतील सात घरे गैरहजर होती! पहाटे ती नावे वाचताना आम्ही पुढच्या नावाकडे वळलो होतो, ह्याची त्या क्षणी आम्हांस लाज वाटली.

परत आल्यावर आम्ही समितीपुढे आमचा कमानीचा ठराव आमच्याच तोंडाने मागे घेतला. सर्वांस ते रुचले नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्यांनी देणगी कबूल केली होती त्यांस नावाची पाटी दिसणार नाही, हे कसे सांगावे, असा रास्त प्रश्न निघाला. एकाने तर विचारले की, पन्नास-पाऊणशे वर्षांनी आपल्या मुलाबाळांस आपली खूण काय राहील? ह्या प्रश्नास आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो.

समितीने तूर्त कमानीचे काम थांबवून तो निधी, ऊसतोडीस जाणाऱ्या घरांची मुले हंगामभर गावातच राहून शिकावीत म्हणून त्यांच्या जेवणाखाणाच्या व निवाऱ्याच्या सोयीसाठी ठेवावा, असे सुचविले आहे. निर्णय अद्याप आपणां सर्वांच्या हाती आहे. ही काही उचलीतून सुटका नव्हे, हे आम्ही जाणतो. तोफांचा वेढा उठविण्याचे सामर्थ्य झेवियरांपाशीही नव्हते. त्यांनी आपल्या हातचे तेवढे केले: जे करू नये त्यास नाही म्हटले, आणि जे कैदी झाले त्यांच्यासाठी शब्द टाकला. आपणही आपल्या हातचे करावे. जी मुले ह्या सोयीमुळे शाळेत टिकतील, ती कदाचित कोणाचा कोयता होणार नाहीत. खूण हवी असेल तर ती ही.

शेवटी कुंडी भंडाऱ्यावरील एक क्षण सांगून आम्ही आपली रजा घेतो. त्या माउलीच्या धाकट्या नातवाने कुंडीच्या तोंडाशी पालथे पडून एक खडा आत टाकला. काही वेळ काहीच ऐकू आले नाही. मग खोल कोठूनसा आवाज आला, आणि तो पोर आनंदाने ओरडला, "आजी, खाले पानी शे!"

ज्यांनी ते भुयार खणले त्यांची नावे त्या पोरास ठाऊक नव्हती, आम्हांसही नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या महोत्सवास आपण बहुतेक जण ह्या जगी नसू. त्या वेळी एखादे मूल वाकून पाहील, आणि खाली पाणी आहे असे त्यास आढळावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.

प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा आपणां सर्वांवर, आणि विशेषेकरून आज येथे येऊ न शकलेल्या आपल्या भावाबहिणींवर असो. आमेन.